मुलाच्या ताब्याच्या दाव्यात मानसतज्ज्ञाचं 'एक लेटर': न भेटलेल्या माणसाबद्दल मत कसं काय देतो आपण?

रेवती_ग

परवा संध्याकाळी शेवटची अपॉइंटमेंट संपवून मी फाइल बंद करत होते, तेवढ्यात एक आई दारातून परत आत आली. तिचा सहा वर्षांचा मुलगा काही महिन्यांपासून माझ्याकडे येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सुरुवातीला रात्री अंथरूण ओलं व्हायचं, शाळेत तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता बराच सावरलाय. पोराला बाहेर माशांच्या टाकीपाशी बसवून ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सोमवारी तारीख आहे. वकील म्हणाले, तुमचं एक लेटर मिळालं तर काम होईल. एवढंच लिहा, की मूल वडिलांकडे सुरक्षित नाही."

मी त्या वडिलांना आजवर पाहिलेलंही नाही.

मी नाही म्हटलं. ती रडली. तिचं रडणं खरं होतं, तिची भीतीही कदाचित खरी असेल. तरी मी नाहीच म्हटलं, कारण प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी मी असं पत्र दिलं होतं. दोन परिच्छेद, लेटरहेड, सही, शिक्का. त्यात एक वाक्य होतं: 'वडिलांचे व्यक्तिमत्त्व आक्रमक असल्याचे दिसून येते.' कुणाला दिसून आलं होतं? आईनं सांगितलं, मी लिहिलं. ते पत्र अंतरिम अर्जाला जोडलं गेलं आणि त्या मुलीची वडिलांशी भेट जवळपास पाच महिने थांबली. पुढे ते गृहस्थ मला भेटायला आले. भांडायला नाही. पत्राची झेरॉक्स टेबलावर ठेवली, त्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारलेली होती. म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाला कुठं दिसलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून हा धागा. ताब्याच्या दाव्यात मानसशास्त्रज्ञानं काय करावं आणि काय मुळीच करू नये, यावर इथे मोकळेपणानं बोलायचं आहे. माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: जो उपचार करतो त्यानं मूल्यमापन करू नये, आणि जो मूल्यमापन करतो त्यानं दोन्ही पालकांना भेटल्याशिवाय ताब्याबद्दल एक अक्षर लिहू नये.

हा माझा शोध नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं ताब्याच्या मूल्यमापनासाठी 1994 साली मार्गदर्शक तत्त्वं काढली, पुढे ती सुधारली, आणि सध्याची आवृत्ती 2022 ची आहे. त्यांचा गाभा साधा आहे. मुलाचं हित सर्वांत वर. माहिती एकाच मार्गानं न घेता अनेक मार्गांनी घ्यायची. दुहेरी नातं टाळायचं, म्हणजे आज थेरपिस्ट आणि उद्या पंच असं व्हायचं नाही. ज्याला तपासलंच नाही त्याच्या मानसिक स्थितीबद्दल ठाम मत द्यायचं नाही. ही तत्त्वं तिकडेही कायद्यासारखी बंधनकारक नाहीत, पण चांगल्या वकिलाच्या हातात उलटतपासाला पुरतात.

आपल्याकडे कुटुंब न्यायालय कायदा 1984 च्या कलम 12 नुसार कोर्ट तज्ज्ञाची मदत घेऊ शकतं. पण त्या तज्ज्ञानं ताब्याचं काम कसं करावं, किती भेटी घ्याव्यात, काय लिहावं, याची सगळे पाळतील अशी वहिवाट मला माझ्या सोळा वर्षांत दिसलेली नाही. वकील मंडळी, पालक, समुपदेशक, सगळ्यांनी लिहा.

अ‍ॅड_वऱ्हाडी

मॅडम, तुमच्या 'नाही'ची किंमत वकील म्हणून सांगतो. कलम 12 सगळ्यांना माहीत असतं, कलम 14 कडे कुणी बघत नाही. वाद सोडवायला उपयोगी पडेल असं कोर्टाला वाटलं, तर कुठलाही अहवाल, निवेदन, कागद पुरावा म्हणून घेता येतो, मग तो एरवी पुराव्याच्या कायद्यात बसो वा न बसो. हेतू चांगला होता, घरगुती वादात तांत्रिक अडथळे नकोत म्हणून. पण त्यामुळे दार सताड उघडं आहे. इतर दिवाणी दाव्यात जे पत्र उंबऱ्यावरच अडलं असतं, ते इथे सरळ आत येऊन बसतं.

त्याला वजन किती द्यायचं हे न्यायाधीश ठरवतात, मान्य. पण अंतरिम अर्जाच्या वेळी कोण कुणाचा उलटतपास घेतो? समोरच्याचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, येईपर्यंत दोन तारखा जातात. चार वर्षांच्या पोराच्या आयुष्यात दोन तारखा म्हणजे केवढा काळ झाला!

आणि हो, आमच्यातलेच काही जण पक्षकाराला "लेटर आणा" म्हणून पाठवतात. हे थांबलं पाहिजे.

समीर79

रेवतीताई, त्या पेन्सिलच्या रेघेपाशी आलो आणि पुढे वाचवेना. मी असाच एक बाप आहे.

माझ्याबद्दलचा अहवाल अडीच पानांचा आहे. लिहिणाऱ्या व्यक्तीनं मला एकदाही बोलावलं नाही, फोनही नाही. नाव सांगत नाही, सांगायचंही नाही. त्यात माझ्या मुलानं काढलेल्या चित्राचा उल्लेख आहे. चित्रात आई, आजी, मांजर आणि मी. 'वडिलांच्या आकृतीस हात दाखविलेले नाहीत, यावरून भावनिक दुरावा व असुरक्षितता सूचित होते.' तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. मांजरालाही पाय नव्हते.

माझ्यात दोष नाहीत असं म्हणत नाही. लग्न मोडण्यात माझा वाटा आहे. पण मला एकदा समोर बसवून विचारायला हवं होतं.

रेवती_ग

समीरदादा, त्या चित्राबद्दल स्पष्ट सांगते. पाच वर्षांची मुलं माणसं काढताना हात विसरतात, मान विसरतात, डोक्यातूनच पाय काढतात. हा वयाचा भाग असतो. चित्र हे मुलाशी बोलायला सुरुवात करण्याचं फार चांगलं साधन आहे. "हे कोण? आता काय करतायत?" असं विचारत गेलं की मूल खुलतं. पण न काढलेल्या हातांवरून बापाचा स्वभाव काढणं याला शास्त्राचा आधार नाही.

चाचण्यांचंही तेच. आई चांगली की बाप चांगला हे सांगणारी एकही चाचणी जगात नाही. एमएमपीआयसारखी व्यक्तिमत्त्व तपासणारी प्रश्नावली ताब्याच्या दाव्यातल्या पालकांना दिली, तर बहुतेक जण स्वतःला जरा जास्तच स्वच्छ दाखवतात, कारण पणाला मूल लागलेलं असतं. स्वतःला किती स्वच्छ दाखवलंय हे मोजणाऱ्या पट्टीवरचा गुणांक चढलेला दिसला म्हणून 'हा खोटारडा आहे' असं लिहिणारा अहवाल मी पाहिलाय. ज्याला या परिस्थितीत लोक कसे उत्तर देतात हे माहीत नाही, त्यानं ती चाचणी या कामासाठी हातातच घेऊ नये.

ओवी

मी दुसऱ्या बाजूची आहे, आणि इथे लिहायला धीर गोळा करावा लागला.

माझ्या मुलीनं बापाकडे जायला नकार दिला, कारण तिनं स्वयंपाकघरात जे पाहिलं ते पाहिलं. आमच्या प्रकरणातल्या तज्ज्ञांनी दोघांनाही बोलावलं होतं. नियमानं सगळं बरोबर. पण चाळीस मिनिटांत त्यांनी ठरवलं की मी मुलीचे कान भरतेय. 'पेरेंटल एलिनेशन' हा शब्द अहवालात सहा वेळा आहे. माझ्या हाताच्या एक्स-रेची प्रत मी नेली होती, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "ते कोर्टाला दाखवा, आपण मुलीबद्दल बोलू."

तेव्हा दोघांना भेटलं म्हणजे झालं, असं कृपया म्हणू नका.

रेवती_ग

ओवी, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. मी वर जे लिहिलं ते अपुरं होतं.

'पेरेंटल एलिनेशन सिंड्रोम' हा शब्दप्रयोग 1980 च्या दशकात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी रूढ केला. मानसिक आजारांच्या निदानांच्या डीएसएम-5 या अमेरिकन सूचीत तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या वर्गीकरणाच्या, आयसीडी-11 च्या, सूचीतून ती संज्ञा 2020 मध्ये काढली. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांवरील हिंसेविषयीच्या विशेष प्रतिवेदकांनी तर कौटुंबिक दाव्यांत तिच्या वापराला बंदी घाला, अशी शिफारस केली. आपल्या सुप्रीम कोर्टानं 2017 च्या एका निकालात या संकल्पनेचा आधार घेतला होता. पण मे 2024 मध्ये त्याच कोर्टानं बजावलं, की पालकाच्या वागण्यातले नेमके प्रसंग दाखवल्याशिवाय घाईनं असा शिक्का मारू नका.

एखादा पालक मुलाच्या मनात विष कालवतच नाही असं मी म्हणत नाही. कालवतो, मी पाहिलंय. पण मूल भेटायला नकार देतं तेव्हा मी शिकाऊ मुलांना सांगते, वहीत आधी शक्यता लिहून काढा. खरंच मार खाल्लाय किंवा पाहिलाय. आईला वाईट वाटेल म्हणून नको म्हणतंय. तीन वर्षांचं आहे, कुणापासूनच सुटत नाही. बापाच्या घरी दोन तास नुसता टीव्ही लावून देतात, कंटाळलंय. शनिवारी क्रिकेटचा क्लास बुडतो. कुणीतरी पढवलंय. मग प्रत्येक शक्यतेच्या बाजूनं काय मिळालं आणि विरुद्ध काय मिळालं, ते लिहा. मनात एकच शक्यता घेऊन खोलीत शिरणारा माणूस तीच घेऊन बाहेर येतो.

आणि हिंसेची चौकशी ही पहिली पायरी आहे, स्वतंत्रपणे, दोघांना समोरासमोर न बसवता. दवाखान्याचे कागद, पोलिसांतली तक्रार, शेजारी, शाळा. तुझा एक्स-रे न उघडणं ही गंभीर चूक आहे. तुझ्या वकिलांना त्या अहवालावर लेखी आक्षेप नोंदवायला सांग आणि तज्ज्ञांना उलटतपासासाठी बोलावण्याचा अर्ज देता येतो का ते विचार.

न्यूजर्सीकर

इकडचा अनुभव लिहितो. आमच्या दाव्यात कोर्टानं नेमलेल्या सायकॉलॉजिस्टनं पहिल्याच दिवशी आम्हा दोघांकडून कागदावर सह्या घेतल्या: इथे बोललेलं काहीही गुप्त राहणार नाही, अहवाल कोर्टाला आणि दोन्ही वकिलांना जाईल, फी निम्मी-निम्मी. मला आधी धक्का बसला, नंतर बरं वाटलं. निदान काय खेळ आहे हे कळलं. काम संपायला पाच महिने लागले, पैसाही रग्गड गेला.

अडचण आली ती वेगळीच. आमची सात वर्षांची मुलगी आजीच्या कुशीत झोपते, माझी आई भारतातून सहा महिने आली होती. अहवालाच्या मसुद्यात 'वयाला न शोभणारं अवलंबित्व, झोपेच्या सीमा अस्पष्ट' असं आलं. आजी भरवते, हेही आलं. माझ्या आईला ते इंग्रजी कळलं नाही, पण आपल्याबद्दल काहीतरी वाईट लिहिलंय एवढं कळलं. दोन दिवस ती नातीला जवळ घेईना. शेवटी आम्ही नवरा-बायकोनं, बहुधा त्या वर्षात पहिल्यांदाच एकमतानं, मिळून पत्र लिहिलं की आमच्याकडे हे असंच असतं. सायकॉलॉजिस्ट बाईंनी वाचलं, आणखी एक भेट ठेवली आणि तो परिच्छेद बदलला. संस्कृतीचा संदर्भ लक्षात घ्या हे त्यांच्या तत्त्वांत आहेच, पण त्याची आठवण करून द्यावी लागली.

आणखी एक: मुलांच्या अपहरणाबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे इकडे भारतीय पालकाला 'मूल घेऊन निघून जाल का' हे विचारलंच जातं. दिवाळीला गावी जायचं म्हटलं तरी तिकिटांची प्रत द्यावी लागते. इकडच्या मराठी लोकांनी याची तयारी ठेवावी.

शालनकाकू

मी कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक होते, आता निवृत्त आहे. तुम्ही सगळे पोटतिडकीनं लिहिताय म्हणून मीही लिहिते.

समुपदेशकाची खोली आणि तज्ज्ञाचं मूल्यमापन यांत लोकांचा फार गोंधळ होतो. आमच्याकडे नवरा-बायको समेटासाठी येत, तेव्हा जे बोलत ते त्या चार भिंतींत राहायचं. त्या भरवशावरच माणसं बोलायची. पण मुलाबद्दल कोर्टानं अहवाल मागवला की गोष्ट वेगळी. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्टच सांगितलं, की ताब्याच्या प्रकरणात मुलाशी बोलून समुपदेशकानं दिलेल्या अहवालाला गोपनीयतेची आडकाठी नाही, कारण तिथे कोर्टाला मुलाचं हित बघायचंय. माझं म्हणणं एवढंच, की समोरच्या माणसाला आज आपण कुठल्या टोपीत बसलोय ते आधी सांगा. मुलालासुद्धा, त्याच्या भाषेत. मी सांगायची, "तू मला जे सांगशील त्यातलं काही मी जजकाकांना सांगणार आहे. जे सांगू नये असं वाटतं, ते तू मला सांगू नकोस."

रेवती, एक गोष्ट तुझ्या यादीत राहिली. मूल एकदा आईबरोबर बोलवायचं आणि एकदा बापाबरोबर. मी ज्या पोरीला आईसोबत बघितलं ती माझ्या टेबलाखालून बाहेर यायला तयार नव्हती. आठवड्यानं बापासोबत आली तर त्याच टेबलावर चढून बसली. आईसोबत दुःखी आणि बापासोबत खूश, असं लिहून मोकळं व्हायचं का? तिसऱ्यांदा बोलावली. मग कळलं, पहिल्या वेळी तिला ताप होता.

केतकीचंबन

काकू, तुमची 'टोपी' आमच्या कॉलेजात वाचून दाखवणार. मी मानसशास्त्रात एमए करतेय. आम्हाला यातलं काहीच शिकवलेलं नाही. पाटी लावायला नक्की काय लागतं?

रेवती_ग

केतकी, 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, 1992 च्या कायद्यानं. तो नंबर कुणालाही विचारायचा हक्क आहे, पालकांनी जरूर विचारावा. नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' किंवा 'कौन्सेलर' या पाटीला इतकी वर्षं तसं कुंपण नव्हतं. 2021 च्या सहायक आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात त्यांचाही समावेश केलाय.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्येही 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव संरक्षित आहे, पण नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' कुणीही लावू शकतं. तिथल्या कुटुंब न्यायालयाच्या अध्यक्षांसमोर 2023 मध्ये ताब्याच्याच प्रकरणात हा वाद आला. नाव कुणी लावावं हा संसदेचा विषय, पण कोर्टानं तज्ज्ञ नेमताना नोंदणी आणि पात्रता नीट तपासावी, असा त्यांचा सूर होता.

पण नोंदणी ही पहिली पायरी झाली. मी नोंदणीकृतच होते, तरी ते पत्र दिलं होतंच की.

दोनघरचा

मी यातलं मूल होतो. आता एकतीस वर्षांचा आहे.

नऊ वर्षांचा असताना एका ऑफिसात एका बाईंनी मला विचारलं, "तुला कुणाकडे राहायला आवडेल?" टेबलावर हिरव्या रंगाचा पेपरवेट होता, आत बुडबुडे असलेला. मी तो फिरवत राहिलो आणि "आई" म्हणालो. बाबा बाहेर बाकावर बसले होते. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. त्यांनी ऐकलं असेल का, हे मी त्यांना कधीच विचारू शकलो नाही, आणि आता ते नाहीत.

त्या बाई वाईट नव्हत्या. चॉकलेट दिलं होतं. पण त्यांनी दार नीट लावायला हवं होतं.

अ‍ॅड_वऱ्हाडी

दोनघरचा, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

पालक आणि पाल्य कायदा 1890 चा. त्याच्या कलम 17 मध्ये म्हटलंय की अल्पवयीन मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. विचारात घेऊ शकतं, एवढंच. ती मुलाच्या तोंडून निवाडा करून घ्यायची परवानगी नाही.

रेवती_ग

मुलाशी सरळ "आई की बाबा" असं बोलायचंच नसतं. सकाळी उठवतं कोण, डबा कोण भरतं, ताप आला की कुणाला हाक मारतोस, भांडण झालं की तू कुठं जातोस, असं विचारायचं. आई-बापाच्या गुणांची बेरीज करायचीच नसते. या मुलाच्या गरजा काय आणि त्या कोण, किती आणि कशा भागवतं, एवढं बघायचं असतं.

आणि अहवाल एकदा दिला म्हणून तो दगडावरची रेघ नव्हे. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळमधल्या एका बारा वर्षांच्या मुलाबाबत आदल्या वर्षी दिलेला स्वतःचाच ताब्याचा आदेश मागे घेतला. मधल्या काळात त्याची चिंता किती वाढलीय हे सांगणारे मानसतज्ज्ञांचे नवे अहवाल समोर आले होते. देशाचं सर्वोच्च न्यायालय आपला आदेश पुन्हा तपासून बघतं, तर आपण दोन परिच्छेदांच्या पत्रात ठाम कसे असतो?

दार बंद करण्याबद्दल: उद्याच माझ्या खोलीचं दार बाहेरून तपासून बघणार आहे. बाकावर बसून.

समीर79

ताई, एक प्रश्न. माझ्या वकिलांचं म्हणणं, आपणही मुलाला दुसऱ्या सायकॉलॉजिस्टकडे नेऊन आपल्या बाजूचा अहवाल घेऊ. भेटीच्या दोन तासांतच न्यावं लागेल. करू का?

रेवती_ग

नका करू, दादा. त्याच्याकडे तुमच्यासोबतचे दोन तास आहेत, ते तिसऱ्या अनोळखी माणसाच्या प्रश्नांत घालवू नका. शिवाय तो अहवालही एकतर्फीच होईल, आणि तुमच्या वकिलांना समोरच्या अहवालावर जो आक्षेप घ्यायचाय तोच आपल्या अहवालावर ओढवेल.

त्यापेक्षा कलम 12 खाली अर्ज द्या: कोर्टानं तटस्थ तज्ज्ञ नेमावा, नोंदणी क्रमांक नोंदवून घ्यावा, त्यानं दोन्ही पालकांना वेगवेगळं भेटावं, मुलाला दोघांसोबत स्वतंत्रपणे पाहावं, दोन्ही घरं पाहावीत, शाळेशी आणि मुलाच्या डॉक्टरांशी बोलावं, फी दोघांनी निम्मी आधीच कोर्टात भरावी, आणि अहवालात काय पाहिलं, काय ऐकीव आहे आणि कशावरून मत बनवलं हे वेगवेगळं लिहावं. जुन्या अहवालावर एकच ओळ पुरे: अर्जदाराची भेट घेतलेली नाही.

वकीलसाहेब, काही चुकलं असेल तर सुधारा.

अ‍ॅड_वऱ्हाडी

चुकलं नाही. एक भर घालतो. तज्ज्ञाच्या मूळ नोंदी जपून ठेवाव्यात आणि कोर्टानं मागितल्यास हजर कराव्यात, हेही अर्जात मागा. उलटतपासाच्या वेळी अहवालापेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त होतो.

समीर79

रेवतीताईंचं उत्तर आणि तुमची ही भर, दोन्ही प्रिंट काढून वकिलांकडे दिलं. आधी जरा कुरकुरले, मग म्हणाले अर्ज टाकू. पुढची तारीख बारा तारखेला आहे. काय होतं ते इथेच कळवतो.